दहा माणसांची लिफ्ट

पान्याला सूड घ्यायला अठ्ठेचाळीस दिवस लागले. त्यातले चाळीस संगमरवर यायलाच गेले. सुडाने पेटलेल्या माणसाचं रक्त उसळलेलं असतं म्हणतात. पान्याचंही उसळलं होतं, पण दगडाच्या दुकानदाराने "येत्या मंगळवारी नक्की" असं ओळीने पाच मंगळवार सांगितल्यावर कुणाचंही रक्त आपोआप खाली बसतं. फक्त खाली बसलेलं रक्त जास्त विचार करतं, आणि साहेबांच्या दृष्टीने तेच वाईट झालं.

सतरा नंबरचा पाना त्याच्या मागच्या खिशात अठरा वर्षं वस्तीला होता, म्हणून माणसाचंही नाव तेच पडलं. लिफ्टा बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो मेकॅनिक होता. वय बेचाळीस, पोट बेताचं सुटलेलं, आणि हातांना ग्रीसचा असा वास की तो साबणाने नव्हे, निवृत्तीनेच जाईल. पाना गे होता आणि हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. कारण त्यानेच सांगितलं होतं.

त्याला आता आठ वर्षं झाली. एका इमारतीत सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर तिघं बसले होते. पाना, त्यांच्यातला वडीलधारा म्हणून सगळ्यांचा दादा, आणि वकील. वकील कायदा शिकलेला नव्हता. हातोडी कुठे ठेवायची यावरही तो दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करायचा, एवढंच. पान्याने ती जागा मुद्दाम निवडली होती, कारण तिथून उठून कुणालाच जाता येत नाही.

"दादा, मी लग्न करणार नाही म्हणतो ना, त्याचं कारण सांगायचंय," पाना म्हणाला होता, आणि सांगून मोकळा झाला होता.

दादांनी बोल्ट फिरवायचा थांबवला. खाली कुठल्यातरी मजल्यावर कुत्रं भुंकत होतं. त्याचं भुंकून झालं.

"बरं," दादा म्हणाले. "तेरा नंबर दे."

पान्याने तेरा नंबर दिला. आणखी दोन बोल्ट झाल्यावर दादांनी विचारलं, "म्हणजे घरी दुसरं माणूस आहे?"

"आहे. गणिताचा मास्तर आहे."

"अरेरे," दादा मनापासून म्हणाले. "गणिताचा?"

स्वीकार म्हणतात तो एवढ्यावरच झाला. वकिलाने त्या दिवसापासून पान्यासमोर शिव्या द्यायच्या बंद केल्या. पान्याला ते फार लागलं. शेवटी एका डब्याच्या सुट्टीत त्यानेच वकिलाला त्याच्या सात पिढ्यांवरून एक शिवी ठेवून दिली, तेव्हा कुठे संबंध सुरळीत झाले. पुढे दोघांनी शर्टांच्या रंगांबद्दल त्याचं मत विचारून पाहिलं. पान्याने दादांना पुतणीच्या लग्नासाठी जो शर्ट निवडून दिला, तो घालून दादा गेले तेव्हा मांडववाल्याने त्यांना खुर्च्या कुठे लावायच्या ते विचारलं. "हा त्यातला असूनही याला काही कळत नाही," असा निकाल वकिलाने दिला, आणि विषय मिटला. निदान पान्याला तसं वाटलं होतं.

पान्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती बोटभर लांब होती. कंपनीच्या प्रत्येक लिफ्टमधे बटणांच्या खाली एक पितळी पट्टी असते. त्यावर लिहिलेलं असतं : दहा माणसं, सहाशे ऐंशी किलो, आणि खाली तपासनिसाची कोरलेली सही. ब्रेक, दोर, वजनांचा तोल हे सगळं पाहून ज्याने ही लिफ्ट माणसं न्यायला लायक ठरवली, त्याची. लोक त्या सहीकडे बघत नाहीत. पण तिच्या भरवशावर आपली म्हातारी आई आणि तान्हं पोर घेऊन बिनधास्त आत शिरतात. पान्याला लोकांनी आपल्यावर असा, न बघता, विश्वास टाकलेला हवा होता. जुने तपासनीस निवृत्त होताना त्याला म्हणाले होते, "तुझ्याशिवाय आहे कोण?" त्या रात्री पान्याने जुन्या कागदावर सही गिरवून पाहिली होती. मास्तरांनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग बैठक झाली.

साहेब, म्हणजे व्यवस्थापक, हे गोल, प्रसन्न आणि सदैव कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभे असलेले गृहस्थ. त्या दिवशी हात पान्याच्या खांद्यावर होता.

"तपासणीचं काम कसं असतं," साहेब म्हणाले, "जरा रांगडं. ब्रेक, लोखंड, वजनं. त्याला पुरुषी हात लागतो. म्हणून ती जबाबदारी आपण आपल्या तरुण सहकाऱ्याला देतोय."

तरुण सहकारी उभा राहिला. तो साहेबांचा सख्खा भाचा होता. कंपनीत येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं आणि त्यात तो लिफ्टच्या टपावर एकदाच चढला होता, फोटोसाठी.

"आणि आपल्या पान्यासाठी आपण खास नवं खातं उघडतोय. सजावट! लिफ्टच्या आतले आरसे, दिवे, रंगसंगती. ह्यांना त्यातली नजर असते."

'ह्यांना' म्हटल्यावर पान्याने मागे वळून पाहिलं. आपल्यासोबत आणखी कोण आहे, ते बघायला. कुणी नव्हतं. मग टाळ्या झाल्या. खोलीत हसणंही झालं, फार नाही, चहात साखर घालावी इतपत. दादा छताकडे पंखा मोजत असल्यासारखे बघत होते. पंखा एकच होता. आणि वकील टाळ्या वाजवत होता.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, "लेका, मनाला लावून घेऊ नकोस. तसं बघायला गेलं तर तुला जमेल ते."

"काय जमेल?"

"म्हणजे... रंगबिंग."

"मी दादांना शर्ट दिला होता, आठवतो?"

"तो अपवाद," वकील म्हणाला, पण बोलता बोलताच त्याचा आवाज बारीक झाला.

डूख धरणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक फुत्कारतात, एक गप्प बसतात. पाना दुसऱ्या प्रकारचा होता आणि त्यात त्याला नैसर्गिक गती होती. साहेब, भाचा, पंखा मोजणारे दादा, टाळ्यांसकट वकील, सगळ्यांना त्याने मनात एका रांगेत उभं केलं. आधी कुणाला घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं.

रविवारी दुपारी दादा आणि वकील त्याच्या घरी आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. आठ वर्षं त्यांनी पान्याला मनापासून स्वीकारलं होतं, फक्त दारातून आत यायचं राहून गेलं होतं. दादांनी सोबत फळं आणली होती, दवाखान्यात भेटायला जाताना नेतात तशी.

दार मास्तरांनी उघडलं. दोघं आत आले, बसले आणि इकडेतिकडे बघत राहिले. खोलीत एक ट्यूबलाइट होती. भिंतीवर टायरच्या दुकानाचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. सोफा नारिंगी आणि त्यावरची चादर हिरवी. खिडकीला पडदा म्हणून अंथरुणाची जुनी चादर होती, खिळ्यांवर. कोपऱ्यात स्टीलच्या कपाटावर उत्तरपत्रिकांचा ढीग आणि त्यावर लिफ्टचा एक जळका कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचा जाडजूड खटका, पेपरवेट म्हणून.

वकिलाच्या चेहऱ्यावर निराशा लपत नव्हती. "मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?" मास्तर म्हणाले. "फुलदाणी?"

"नाही म्हणजे... एखादी."

"एक होती. यांनी तिच्यात स्क्रू ठेवले. मग पाणी घातलं कुणीतरी. स्क्रू गंजले."

"कुणीतरी म्हणजे हेच," पाना म्हणाला.

दादा नारिंगी सोफ्यावर हात फिरवत होते. मग म्हणाले, "पान्या, त्या दिवशी मी पंखा बघत बसलो. बघायला नको होता."

"हं."

"आणि या गाढवाने टाळ्या वाजवल्या."

"सगळे वाजवत होते," वकील म्हणाला. "माझे हात आपोआप..." त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, त्यावरच्या खिळ्याच्या भोकांकडे पाहिलं, आणि हयातीत पहिल्यांदा युक्तिवाद अर्ध्यात सोडला. "चुकलं लेका. हे घर बघून कुणी तुला सजावट दिली तर त्या माणसावर खटला भरायला पाहिजे."

पान्याने दोघांकडे पाहिलं. रांगेतली दोन माणसं थोडी मागे सरकली. पूर्ण बाहेर नाही.

"मुख्य कचेरीची लिफ्ट मला दिलीय सजवायला," तो म्हणाला. "दीड महिन्याने अध्यक्षबाई उद्घाटन करणार. साहेब म्हणाले, पाहिजे ते वापर, राजवाडा वाटला पाहिजे. मी संगमरवर वापरणार आहे."

दादांचा सोफ्यावरचा हात थांबला. चाळीस वर्षांत लिफ्टने त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वर आलं. "किती?"

"जमिनीला. आणि तिन्ही भिंतींना कमरेपर्यंत. वर आरसे. छतालाही आरसा."

"वजन वाढेल की रे."

"वाढेल," पाना म्हणाला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

ज्यांनी लिफ्टचा आतला भाग कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की लिफ्ट ही एक लांबलचक तराजू असते. दोरांच्या एका टोकाला माणसं नेणारी पेटी, दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांची चळत, आणि दोघांचा तोल राखणं हे तपासनिसाचं काम. पेटीत कुणी एक खुर्ची कायमची ठोकली तरी तोल पुन्हा बघावा लागतो. शिवाय दोरांपाशी एक वजन मापणारं यंत्र असतं. पेटी रिकामी असताना तिचं वजन शून्य धरायचं, असं त्याला एकदा शिकवून ठेवतात. त्यावर जे चढेल ते माणूस, असा त्याचा हिशेब. दहा माणसांच्या वर झालं की ते बोंब मारतं आणि लिफ्ट जागची हलत नाही. दगड आणि माणूस यातला फरक त्याला कळत नाही. त्या बाबतीत ते आणि साहेब सारखेच.

मास्तरांनी एका नापास उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे आकडे मांडले. जाडी, लांबी, रुंदी, दगडाची घनता, आरशांची काच, पितळी दांडे.

"चारशे आठ किलो," ते म्हणाले. "माणशी अडुसष्ट धरता ना तुम्ही? म्हणजे बरोबर सहा माणसं. एक किलो इकडेतिकडे नाही." गणित सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग तो मावळला. "कोणी मरणार नाही ना?"

पान्याला राग आला. खराखुरा. "मास्तर, मी सूड घेतोय, काम बिघडवत नाहीये. सहा दगडाचे, चार हाडामासाचे, झाले दहा. मोटर तेवढ्याचीच, ब्रेक तेवढ्याचाच. पाचवं माणूस चढलं की ती उभी राहील, बस्स. आणि मी वाढीव वजन कागदावर लिहून भाच्याच्या हातात देणार आहे. त्याने वाचलं, तर काहीच होणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणि नाही वाचलं तर?" वकिलाने विचारलं.

"पुरुषी हात आहे. वाचेल ना."

दगडाच्या दुकानात पान्याने दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "यातला सगळ्यात जड कुठला?"

दुकानदाराने तीस वर्षं धंदा केला होता. लोक दगड बोटांनी चाचपतात, उन्हात नेऊन बघतात, बायकोला फोन करतात. "रंग कसला हवा?"

"असेल तो चालेल."

असलेला रंग काळजाच्या मांसासारखा होता. वर पांढऱ्या शिरा, अगदी एखाद्या म्हाताऱ्याच्या पोटरीवर असाव्यात तशा. दुकानदार प्रामाणिक होता. हा माल चार वर्षं पडून आहे, हे त्याने सांगून टाकलं. पान्याने हात घालून एक तुकडा उचलला, मनगटाला ओढ बसली, आणि तो समाधानाने म्हणाला, "सुंदर."

दगड आला तेव्हा तो उतरवायला मजूर होते, पण पान्याने वकिलालाही बोलावून घेतलं. टाळ्यांचे हात आहेत, जरा कामाला लावू, असं तो म्हणाला. वकिलाने तीन फेऱ्यांपर्यंत माणसाच्या मूलभूत हक्कांवर भाषण केलं. चौथ्या फेरीपासून त्याला फक्त श्वास घेणं जमत होतं. संध्याकाळी पाठीला हात लावून बसत तो म्हणाला, "फिटलं?"

"तुझं फिटलं," पाना म्हणाला, आणि त्याला चहा पाजला. दादांकडून त्याने आरसे पुसून घेतले. त्यातल्या प्रत्येकात दादांना पंख्याकडे बघणारा माणूस दिसला असेल असं त्याला वाटत होतं. दादा एवढंच म्हणाले, "या आरशात माझं टक्कल चार बाजूंनी दिसतं रे." तेही फिटलं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी पाना सजावटीचा फॉर्म घेऊन भाच्याच्या खोलीत गेला. फॉर्मवर आठवा रकाना 'वाढीव वजन' असा होता आणि पान्याने त्यात सुवाच्य अक्षरात, अंकी आणि अक्षरी, 'चारशे आठ किलो' लिहिलं होतं. खाली एक ओळही होती : 'तोल व वजनयंत्र पुन्हा तपासणे आवश्यक.'

"हे वाचून घे," तो म्हणाला.

भाचा फोनमधून वर आला. "काय आहे काका?" तो पान्याला काका म्हणायचा. बाकी मेकॅनिकांना दादा.

"सजावटीचं. आठवा रकाना बघ."

"अहो काका, तुमचे पडदे-दिवे मी काय बघू? तुमचा विषय तो. छानच केलं असेल." त्याने दोन्ही प्रतींवर भपकेबाज सही ठोकली. "तपासणी तर मी मागच्याच महिन्यात उरकली. पट्टीवर सही पण कोरून आली."

"दगड बसायच्या आधी?"

"मग काय झालं? ब्रेक तोच, मोटर तीच. सजावटीने लिफ्टला काय फरक पडतो?"

पाना क्षणभर उभा राहिला. त्याच्यातला मेकॅनिक या पोराला कॉलर धरून मशीनरूममधे न्यावं आणि तराजू दाखवावी म्हणून धडपडत होता. त्याच्यातल्या दुसऱ्या गृहस्थाने त्या मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवला, साहेब ठेवतात तसा. "एकदा वाच," पाना तिसऱ्यांदा म्हणाला, कारण तीनदा सांगितलं नाही असं त्याला कुणी म्हणायला नको होतं.

"वाचतो ना काका. ठेवा तिथे."

पोच म्हणून सही केलेली दुसरी प्रत पान्याने चार घड्या घालून खिशात ठेवली. सतरा नंबरच्या शेजारी.

उद्घाटनाला अध्यक्षबाई बरोबर अकराला आल्या. सत्तरीच्या, बारीक, काठी टेकत चालणाऱ्या, आणि ऐकू कमी येत असल्याने सगळ्यांशी सारख्याच मोठ्याने बोलणाऱ्या. कंपनी त्यांच्या यजमानांनी काढली होती आणि बाईंनी ती वाढवली होती. तळमजल्याच्या दालनात कर्मचारी रांगेत उभे होते. दादा आणि वकील पहिल्या रांगेत, चेहरे मयताच्या अंगणात असावेत इतके गंभीर. पाना खांबापाशी. हसत तोही नव्हता, पण तो एरवीही हसत नसे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

फीत कापली. दार उघडलं. आतून काळजाच्या रंगाचा उजेड बाहेर आला.

बाई आत गेल्या. साहेब गेले. भाचा नव्या सुटात गेला. फोटोवाला गेला. त्याच्यामागून साहेबांचे दोन उपसाहेब शिरले, भाच्याने बटण दाबलं, आणि लिफ्टने बोंब ठोकली.

"काय झालं?" बाई मोठ्याने म्हणाल्या.

"काही नाही मॅडम, नवी आहे," साहेब म्हणाले. "तू उतर रे."

एक उपसाहेब उतरला. बोंब चालूच. दुसरा उतरला. फोटोवाला स्वतः सडपातळ आणि कॅमेरा जड, तोही उतरवला. बोंब थांबेना, कारण उरलेल्या तिघांत साहेब हे एकटेच अडीच माणसं होते, आणि माणशी अडुसष्ट हा हिशेब करताना मास्तरांनी साहेबांना पाहिलेलं नव्हतं.

"किती माणसांची आहे ही?" बाईंनी विचारलं.

भाच्याने पितळी पट्टीकडे पाहिलं, जणू तीच आता त्याची साक्ष देणार होती. "दहा मॅडम."

"आणि आत्ता आपण किती?"

भाच्याने मोजलं. तीनच होते, तरी त्याने बोटाने मोजलं. "तीन."

"मग बाकीचे सात कुठे बसलेत?"

दालनात कुणी हसलं नाही. हसू गिळल्याचा मात्र चांगला ऐकू येण्याजोगा आवाज झाला. तो वकिलाचा होता.

"मॅडम, सहा," पाना खांबापासून म्हणाला. "सातवे साहेब आहेत."

सगळे वळले. साहेबांनी असा काही चेहरा केला की आरशांमधले चाळीस साहेब एकदम लाल झाले. पाना सावकाश पुढे गेला. अठ्ठेचाळीस दिवस तो ही पावलं मनात चालत आला होता, त्यामुळे आता त्याला मुळीच घाई नव्हती. त्याने घडी उलगडली आणि कागद बाईंच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा लावला. आठवा रकाना वाचला. खालची ओळ वाचली. भाच्याची सही वाचली. मग वाकून पट्टीवरची सही पाहिली आणि दोन्ही सह्या जुळवल्या. बाईंनी तीस वर्षं धनादेश तपासले होते.

"हे तुला मिळालं होतं?"

"हो मॅडम. पण ते सजावटीचं होतं."

"संगमरवर सजावटीचा आहे म्हणून तरंगतो का?"

भाच्याने मामाकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते. छतालाही आरसा होता, त्यामुळे तिथेही सुटका नव्हती.

"याला सजावटीत कुणी टाकलं?" बाईंनी काठी पान्याकडे केली.

"मॅडम, मीच," साहेब म्हणाले. "ह्या लोकांना कलेची उपजत... म्हणजे तपासणीला कसा जरा पुरुषी..."

वाक्याला पुढे कुठे जावं ते कळेना, म्हणून ते तिथेच बसलं.

"कसली?" बाईंनी कानामागे हात नेला. "मोठ्याने बोला. सगळ्यांना ऐकू द्या."

साहेबांनी ते पुन्हा म्हटलं नाही. तेव्हा दादा रांगेतून एक पाऊल पुढे आले. या वेळी ते पंख्याकडे बघत नव्हते.

"मॅडम, मी सांगतो. पाना गे आहे, म्हणून त्याला रंग निवडायला बसवलं. त्याला रंगातलं ओ की ठो कळत नाही. त्याने मला एक शर्ट दिला होता, तो मी अजून कपाटातून काढत नाही. पण ब्रेक त्याने कानाने ओळखलेला मी स्वतः पाहिलाय. माझ्या आईच्या इमारतीतली लिफ्ट मी त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही."

"त्याच्या घरचा पडदा बघा मॅडम," वकिलाने पुरावा जोडला.

पान्याच्या बाजूने दोघं बोलले होते. ते त्याच्या बेतात नव्हतं. त्याने ते बेताबाहेरचं म्हणून बाजूला ठेवलं, आणि पुन्हा सुडाकडे वळला, कारण ते अजून संपलं नव्हतं.

"मॅडम, चार तासांत चालू करून देतो," तो म्हणाला. "मागच्या बाजूला तेवढ्याच वजनाच्या लोखंडी लाद्या चढवायच्या, यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं, आणि अर्ध्या भाराने तोल बघायचा. लाद्या बारा, प्रत्येकी चौतीस किलो. चाचणीची वजनं सतरा, प्रत्येकी वीस. सगळं तळघरात आहे. एक लादी उचलायला दोन माणसं लागतात, असा नियम आहे."

"मग घे दोन माणसं."

"दादांची कंबर धरलीय. वकिलाची पाठ संगमरवराने गेलीय." पान्याने थोडा विचार केल्यासारखं केलं. "पुरुषी हात पाहिजेत."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. मग भाच्याकडे. मग खुर्ची मागवली आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसल्या. "करा सुरुवात. मी आहे इथेच."

तळघराला एकोणीस पायऱ्या होत्या. पान्याला माहीत होत्या; त्याने त्या आधीच मोजून ठेवल्या होत्या. पहिल्या लादीला साहेबांनी कोट काढला, तिसरीला टाय. पाचव्या लादीला भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या बाजूने उचला ना," आणि त्या कुटुंबात मामा-भाच्याचं जे काही प्रेम होतं ते त्या एकोणीस पायऱ्यांवर सांडलं. नव्या सुटाला काळं ग्रीस लागलं. पाना वरच्या पायरीवर उभा राहून अत्यंत नम्रपणे म्हणत होता, "सावकाश साहेब. कमरेतून नाही, गुडघ्यातून वाका." सल्ला अगदी योग्य होता. म्हणून तो जास्त झोंबत होता.

सतरावं वजन आत ठेवल्यावर पान्याने स्वतः मशीनरूममधे जाऊन ब्रेक सैल केला. अर्ध्या भाराची पेटी मधल्या मजल्यावर होती तिथेच थांबली. वर नाही, खाली नाही. तो खाली आला तेव्हा चार वाजायला आले होते. बाई दहा माणसं घेऊन अकराव्या मजल्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. लिफ्टने अवाक्षर काढलं नाही.

"उद्यापासून तपासणी तुझ्याकडे," बाई त्याला म्हणाल्या. मग लिफ्टच्या आत काठीने हवेत एक गोल काढत विचारलं, "आणि हे दगड, आरसे, हे सगळं निवडलंस कसं?"

"वजनावर, मॅडम," पाना खरं बोलला.

"काय धीट रंग आहे. माझ्या डोक्यातही आला नसता. नजर लागते हो याला." त्या उपसाहेबांकडे वळल्या. "बाकीच्या लिफ्टाही याच्याकडूनच करून घ्या."

दादांनी वकिलाकडे पाहिलं. वकील भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. अठ्ठेचाळीस दिवस पान्याने सगळ्याची तयारी केली होती. कौतुकाची तेवढी राहिली होती.

महिन्याभरात नवी पट्टी कोरून आली. ती बसवताना मास्तर मुद्दाम शाळेतून सुट्टी घेऊन आले आणि सही वाकडी आहे की भिंत, यावर त्यांचा आणि वकिलाचा बराच वेळ वाद झाला. पान्याने चारही स्क्रू स्वतः पिळले. भाचा आता सजावट खात्यात आहे. तिथे त्याला पान्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काळजी करू नकोस, तुला जमेल," आणि खांद्यावर हात ठेवला.

साहेबांची खोली अकराव्या मजल्यावर आहे. रोज सकाळी ते काळजाच्या रंगाच्या उजेडात, चाळीस साहेबांच्या घोळक्यात, अकरा मजले वर जातात. बटण दाबलं की नजर आपोआप खालच्या पट्टीवर जाते. आरसे आणि दगड काढून टाकावेत असा अर्ज त्यांनी आतापर्यंत तीन वेळा केला आहे. पण लिफ्टमधून काहीही काढलं की वजन बदलतं, वजन बदललं की तोल बघावा लागतो, आणि तोल बघायचा की नाही ते तपासनीस ठरवतो. तिन्ही अर्ज एकाच शेऱ्यासह परत आलेत, सुवाच्य अक्षरात : 'आठवा रकाना भरलेला नाही.'

चौथा अर्ज काल आला. त्यात साहेबांनी आठवा रकाना भरला आहे. पाना तो वाचतोय. अगदी सावकाश, एकेक शब्द.